विमानतळाशेजारचे घर: आवाज, पुनर्वसन आणि नियोजनातून सुटलेला भाग

उलव्यात स्वतःच्या सदनिकेत राहणाऱ्या एका गृहस्थांचा हा प्रश्न आहे. नवी मुंबई विमानतळावरून विमाने उडू लागल्यापासून त्यांच्या घरात रोज एकच चर्चा चालते: घर विकून दुसरीकडे जावे का? विमानतळासाठी दहा गावे हलवली, तसे शेजारच्या वस्तीलाही आवाजापोटी पुनर्वसन किंवा भरपाई मिळू शकते का, आणि एवढे मोठे शहर आखताना आवाजाचा विचार कुणी केला होता की नाही, हेही त्यांना जाणून घ्यायचे आहे. त्यांचे मेहुणे करंजाड्यात घर पाहत आहेत, त्यांनी काय तपासावे, असा शेवटचा प्रश्न आहे. नगररचना आणि पर्यावरण आघात मूल्यमापन या कामांत बरीच वर्षे गेल्यामुळे सविस्तर उत्तर देतो.

आधी थोडक्यात सांगतो. आवाज वाढणार आहे, परंतु तो सगळीकडे सारखा वाढणार नाही. केवळ आवाजापोटी घर हलवून देणारी किंवा घराचे पैसे देणारी कोणतीही योजना आपल्या कायद्यात आज नाही. त्यामुळे जे काही हाती लागायचे ते नियोजनातून आणि घराच्या बांधणीतूनच लागेल, आणि नियोजनाची दारे अजून पूर्ण बंद झालेली नाहीत.

आवाज कुठे पडणार हे धावपट्टीच्या दिशेवरून ठरते. येथे प्रत्येकी 3,700 मीटर लांबीच्या दोन समांतर धावपट्ट्या नियोजित असून त्यांच्यात सुमारे दीड किलोमीटर अंतर आहे. पहिल्या टप्प्यात त्यांपैकी एकच वापरात आली. दोन्हींचा रोख जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, पश्चिमेचे टोक किंचित दक्षिणेला कललेले. संगणकावर उपग्रह नकाशा उघडून धावपट्टीच्या मधोमध एक रेषा आखा आणि ती दोन्ही बाजूंना दहा किलोमीटर वाढवा. पूर्वेकडे ती पनवेलच्या वस्तीवरून जाते आणि पश्चिमेकडे उलव्याच्या बाजूने खाडी आणि समुद्राकडे जाते. आपल्या किनाऱ्यावर वर्षाचा बराचसा काळ वारा पश्चिमेच्या अंगाने येतो आणि विमाने वाऱ्याच्या समोर उतरतात व उडतात. म्हणूनच मुंबईच्या मुख्य धावपट्टीवर बहुतेक विमाने घाटकोपर-कुर्ल्याकडून उतरतात आणि जुहूकडे उडतात. याच न्यायाने नवी मुंबईतही उतरणाऱ्या विमानांचा भार प्रामुख्याने पनवेलच्या बाजूवर आणि उडणाऱ्या विमानांचा भार उलव्याच्या बाजूवर राहील असे धरून चालावे. मुंबईच्या विमानतळाशी हवाई मार्गांचा मेळ घालावा लागत असल्याने थोडेफार बदल होत राहतील, पण वाऱ्याचा कल बदलत नाही.

उतरणारे विमान साधारण 3 अंशांच्या उताराने खाली येते. त्यामुळे धावपट्टीच्या टोकापासून 8 किलोमीटरवर ते सुमारे 430 मीटर, 5 किलोमीटरवर सुमारे 275 मीटर आणि 3 किलोमीटरवर जेमतेम 170 मीटर उंचीवर असते. या शेवटच्या ठिकाणी नेहमीचे मध्यम आकाराचे प्रवासी विमान थेट डोक्यावरून गेले, तर गच्चीवर क्षणभर 80 डेसिबलच्या आसपास आवाज मिळणे स्वाभाविक आहे. तेच घर मध्यरेषेपासून दीड-दोन किलोमीटर बाजूला असेल, तर आकडा बराच खाली येतो. उड्डाणाच्या वेळी इंजिने पूर्ण जोरात असतात, परंतु विमान लवकर उंची गाठते आणि बहुधा वळणही घेते, म्हणून तेथील आवाजाचा पट्टा अधिक रुंद आणि तुलनेने आखूड असतो. तेव्हा ‘उलवे’ किंवा ‘पनवेल’ असे गावाचे नाव घेऊन उत्तर देता येत नाही. एकाच नोडमधील (आखीव उपनगरातील) दोन सेक्टरांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

आता कायदा. सामान्य ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा सांगतात. गणपतीच्या मांडवावरून वाद झाला की हेच आकडे पुढे येतात, म्हणून ते सर्वांना ठाऊक असतात आणि विमानांनाही तेच लागू असावेत असा समज आहे. तसे नाही. विमानतळाच्या ध्वनिक्षेत्रासाठी केंद्र सरकारने 2018 साली स्वतंत्र मानके काढली. ज्या विमानतळावर वर्षाला 50,000 हून अधिक विमानफेऱ्या होतात, तेथे दिवसा सरासरी 70 आणि रात्री 65 डेसिबल, आणि इतर विमानतळांसाठी 65 आणि 60 डेसिबल. दिवस म्हणजे सकाळी 6 ते रात्री 10. हे आकडे निवासी मर्यादेपेक्षा कितीतरी सैल आहेतच, शिवाय त्यांच्यात एक विचित्र वळण आहे. वर्षाला 50,000 फेऱ्या म्हणजे दिवसाला सुमारे 137. नवी मुंबईच्या पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवाशांची आहे. एका विमानात सरासरी 150 प्रवासी धरले तर वर्षाला 1,30,000 हून अधिक, म्हणजे दिवसाला 365 च्या घरात फेऱ्या होतात. म्हणजे विमानतळ भरभराटीला आला की त्याची आवाजाची मर्यादा आपोआप 5 डेसिबलने वाढते. ज्या क्षणी शेजाऱ्याला संरक्षणाची जास्त गरज, त्याच क्षणी ते कमी करणारी ही रचना मला कधीच पटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली युरोपसाठी केलेल्या शिफारशींत विमानाचा आवाज दिवसरात्रीच्या भारित सरासरीत 45 आणि रात्री 40 डेसिबलच्या खाली असावा असे म्हटले आहे. मोजण्याच्या पद्धतींत फरक असला तरी अंतर किती मोठे आहे हे त्यावरून दिसते.

सरासरीचे हे गणित समजून घेणे आवश्यक आहे, कारण अहवालांत बहुतेक सर्व काही त्यातच सांगितलेले असते. फेऱ्या दुप्पट झाल्या की सरासरी केवळ 3 डेसिबलने वाढते. अंतिम टप्प्यात 9 कोटी प्रवाशांची क्षमता गाठली आणि विमाने आजच्यासारखीच राहिली, तरी कागदावरची वाढ साडेसहा डेसिबलच्या आसपास दिसेल. अधिकारी म्हणतील की वाढ किरकोळ आहे, आणि ते खोटे बोलत नसतील. परंतु झोप सरासरीने मोडत नाही. पहाटे तीन वाजता एकच विमान गेले तरी माणूस जागा होतो. म्हणून अमेरिकेत रात्रीच्या प्रत्येक फेरीला हिशेबात 10 डेसिबलचा दंड लावतात, ज्यामुळे रात्रीचे एक विमान दिवसाच्या दहा विमानांच्या तोलाचे ठरते. आपल्या मानकांत रात्रीची वेगळी मर्यादा आहे, पण कोणत्याही एका विमानाच्या कमाल आवाजावर किंवा रात्रीच्या फेऱ्यांच्या संख्येवर तिने बंधन येत नाही. 25 डिसेंबर 2025 रोजी येथील प्रवासी वाहतूक सुरू झाली तेव्हा विमानतळ दिवसाचे बाराच तास चालत होता. त्या दिवसांच्या अनुभवावरून पुढचा अंदाज बांधू नये.

दहा गावांचा दाखला तुम्ही दिला आहे, तो नीट पाहू. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा, उलवे, गणेशपुरी, तरघर आणि कोंबडभुजे या गावांतील तीन हजारांहून अधिक कुटुंबे हलली. जमिनीच्या बदल्यात साडेबावीस टक्के विकसित भूखंड आणि घराच्या बदल्यात बांधकामाच्या तिप्पट क्षेत्राचा भूखंड, असे ते पॅकेज होते. देशातील इतर प्रकल्पांशी तुलना करता ते चांगलेच होते, आणि ते कुणी आपखुशीने दिलेले नाही. 1984 च्या जानेवारीत जासई-दास्तान परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले, त्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली, आणि साडेबावीस टक्के ही तिचीच वाढलेली आवृत्ती आहे.

परंतु हे सर्व पुनर्वसन जमिनीपोटी झाले. घर धावपट्टीच्या, भरावाच्या किंवा वळवलेल्या उलवे नदीच्या जागेवर आले म्हणून ते हलले. आवाजाखाली येते म्हणून एकही घर हलले नाही. किंबहुना, ही कुटुंबे वडघर, वहाळ, कुंडेवहाळ, पुष्पकनगर अशा ठिकाणी, म्हणजे विमानतळाच्या कुंपणाला जवळजवळ लागूनच वसवण्यात आली. याला सबळ कारण होते, आणि ते मी नाकारत नाही. आगरी-कोळी कुटुंबांना आपली खाडी, भाऊबंद, देवस्थान आणि पनवेलचा बाजार सोडून दूर जायचे नव्हते, आणि विमानतळामुळे वाढणाऱ्या जमिनीच्या भावाचा लाभ घ्यायचा तर भूखंड जवळच हवा होता. वाटाघाटीच्या टेबलावर टक्केवारी होती, चटई क्षेत्र होते, बांधकामाचा खर्च होता. नव्या भूखंडावर किती डेसिबल पडतील हा प्रश्न त्या टेबलावर मोठा कधी झालाच नाही. परिणामी एकदा विमानतळापायी उठलेले कुटुंब दुसऱ्यांदा विमानतळाच्याच शेजारी राहू लागले, आणि आज त्याने तक्रार केली तर त्याच्या हाती तुमच्यापेक्षा वेगळा कोणताही हक्क नाही.

2013 चा भूसंपादन कायदा बाधित कुटुंब ठरवताना ज्याची जमीन गेली किंवा त्या जमिनीवर ज्याची उपजीविका अवलंबून होती, त्यांचा विचार करतो. कुंपणाबाहेरच्या घरावरून विमाने जातात, एवढ्यावरून तो कुणाला बाधित मानत नाही. उरतात न्यायालये आणि हरित न्यायाधिकरण. दिल्लीत 2008 साली तिसरी धावपट्टी सुरू झाल्यावर वसंत कुंज आणि आसपासच्या रहिवाशांनी ही वाट धरली. मोजमाप, देखरेख आणि रात्रीच्या वापरावर निर्बंध अशा गोष्टींवर चर्चा झाली, घरांच्या खरेदीवर नव्हे.

परदेशात अशी खरेदी झाली आहे, आणि तिच्याकडे बघून आपल्याकडे अनेकांना आशा वाटते, म्हणून तिचे खरे रूप सांगतो. अमेरिकेत 1979 च्या कायद्यानंतर विमानतळाने ध्वनिनकाशा काढायचा, 65 डेसिबलच्या रेषेच्या आतील घरांना खिडक्या बदलून द्यायच्या किंवा घरमालकाची इच्छा असेल तर घर विकत घ्यायचे, अशी पद्धत बसली. पैसा मुख्यतः विमानप्रवाशांच्या तिकिटांवरील करातून येतो. केंटकीतील लुइव्हिल शहरात 1980 च्या दशकाच्या अखेरीस विमानतळ वाढवायचे ठरल्यावर कित्येक वस्त्या उठल्या. मायनर लेन हाइट्स नावाच्या एका छोट्या शहराने मात्र आग्रह धरला की आम्ही एकेकटे विखुरणार नाही, आणि बऱ्याच रहिवाशांसाठी हेरिटेज क्रीक नावाची नवी वसाहत उभी राहिली. माझ्या मते आपल्या गावांना सर्वांत जवळचे उदाहरण हेच आहे.

सेंट लुइसचे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. तेथे नव्या धावपट्टीसाठी ब्रिजटन उपनगरातील सुमारे 2,000 घरे विकत घेऊन पाडली गेली. 2006 साली धावपट्टी सुरू झाली तोपर्यंत मोठ्या विमान कंपनीने आपला तळ आवरता घेतला होता आणि वाहतूक इतकी घटली की एवढ्या धावपट्टीची गरजच उरली नव्हती. लॉस एंजेलिसमध्ये समुद्र आणि विमानतळ यांच्यामधील सर्फरिज ही टुमदार वसाहत 1960-70 च्या दशकांत रिकामी केली गेली. आज कुंपणामागे केवळ मोकळे रस्ते दिसतात आणि एका दुर्मीळ निळ्या फुलपाखराचे अभयारण्य आहे. जपानमध्ये 1967 पासून कायदाच आहे: ठरावीक पातळीवरील पट्ट्यात राहणारा माणूस स्वतः अर्ज करून घर-जमिनीची किंमत घेऊ शकतो आणि त्याबाहेरच्या पट्ट्यात घराला ध्वनिरोधक काम करून मिळते. हा कायदा झाला तरी ओसाकाच्या इतामी विमानतळाचे शेजारी थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 1981 साली त्यांना झालेल्या त्रासाची भरपाई मिळाली, रात्रीची उड्डाणे थांबवण्याची मागणी मात्र फेटाळली गेली. अखेर 1994 साली समुद्रात भराव टाकून कान्साई विमानतळ सुरू करावा लागला.

या सर्व कहाण्यांत आपल्या उपयोगाची अशी एक तरतूद आहे जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ध्वनिनकाशा माहीत असूनही जी घरे 1 ऑक्टोबर 1998 नंतर बांधली गेली, त्यांच्या खिडक्यांसाठी किंवा खरेदीसाठी केंद्राचा निधी मिळणार नाही, असे अमेरिकी प्रशासनाने जाहीर केले. म्हणजे जुन्या रहिवाशाचे दुःख विमानतळाने भरून द्यायचे, पण नवे दुःख निर्माण करण्याची जबाबदारी इमारतीला परवानगी देणाऱ्या स्थानिक संस्थेची आणि बिल्डरची. आपल्याकडे नेमकी हीच जबाबदारी कुणाच्याही नावावर नाही.

आणि येथे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येते. विमानतळाचा विचार नियोजनात झाला होता, आणि कडकपणे झाला होता, पण तो उंचीचा. 2015 च्या नियमांनुसार विमानतळाभोवती रंगीत नकाशे तयार होतात, कोणत्या भूखंडावर किती मीटर उंच बांधता येईल ते ठरते, आणि त्या दाखल्याविना उंच इमारतीला परवानगी मिळत नाही. नवी मुंबईतील कोणत्याही बिल्डरला हा विषय झोपेतून उठवून विचारा, तो मीटरमध्ये उत्तर देईल. कारण उघड आहे: इमारत उंच झाली तर धोका विमानाला. आवाजाचा त्रास उलट दिशेने, विमानाकडून इमारतीला होतो, म्हणून त्याचा रंगीत नकाशा विकास आराखड्यावर चढलेला नाही. पर्यावरण आघात अहवालात आवाजाचा अध्याय असतो, त्यात समध्वनी रेषाही, म्हणजे सारख्या आवाजाची ठिकाणे जोडणाऱ्या रेषाही, असतात. मात्र त्या रेषा शाळेचे आरक्षण, रुग्णालयाचा भूखंड किंवा सदनिकेचा करारनामा यांपर्यंत पोहोचत नाहीत.

यामागे संस्थांची रचनाही आहे. विमानतळ चालवणाऱ्या कंपनीत नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाचा 26 टक्के हिस्सा आहे. तीच सिडको उलवे-पुष्पकनगरची नियोजन प्राधिकरण आहे. आणि तेथील भूखंड लिलावात विकून उत्पन्न मिळवणारीही तीच आहे. भूखंडाच्या जाहिरातीत ‘विमानतळापासून दहा मिनिटांवर’ लिहायचे आणि त्याच नकाशावर आवाजाची रेषा आखायची, ही दोन कामे एकाच संस्थेने मनापासून करावीत अशी अपेक्षा ठेवणे भाबडेपणाचे आहे. पलीकडे 2016 पासून पनवेल महानगरपालिका आहे, 2013 साली अधिसूचित झालेले आणि सुरुवातीला 270 गावांचे असलेले नैना क्षेत्र, म्हणजे विमानतळाचे प्रभाव क्षेत्र, आहे, अधूनमधून ग्रामपंचायती आहेत. विमानाचा आवाज या सर्वांच्या हद्दी ओलांडून जातो आणि त्याची फाईल कुठल्याच कार्यालयात उघडत नाही.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 2001 साली आवाजासाठी संतुलित दृष्टिकोन स्वीकारला, त्यात चार उपाय आहेत: कमी आवाजाची विमाने, भोवतालच्या जमिनीचे नियोजन, उड्डाणाच्या पद्धती आणि शेवटी वेळेचे निर्बंध. पहिला उपाय विमान कारखान्यांत ठरतो आणि त्याचा लाभ आपल्याला आपोआप मिळतो. गेल्या काही दशकांतील विमाने खरोखरच शांत झाली आहेत. तिसरा आणि चौथा केंद्राच्या हातात आहे. दुसरा मात्र पूर्णपणे राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या हातातला आहे, आणि खर्चही त्याचाच सर्वांत कमी आहे, कारण मोकळ्या जमिनीवर रेषा आखायला पैसे लागत नाहीत. पूर्वेकडील ज्या पट्ट्यात विमाने तीनशे मीटरच्या खाली असतील, तेथे गोदामे, कार्यालये, वाहनतळ, हॉटेल अशा वापरांना प्राधान्य द्यावे. शाळा आणि रुग्णालयांची आरक्षणे बाजूला सरकवावीत. जेथे निवासी वापर टळत नाही तेथे बांधकाम परवानगीतच खिडक्यांची अट घालावी आणि विक्रीच्या करारात ध्वनिरेषेचा उल्लेख सक्तीचा करावा. यांपैकी कशासाठीही संसदेत कायदा करावा लागत नाही.

पुण्याजवळच्या पुरंदरच्या प्रस्तावित विमानतळाला ही संधी अजून शाबूत आहे, म्हणून त्याचा उल्लेख करतो. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी आणि पारगाव या सात गावांतील चर्चा, 2025 सालच्या ड्रोन सर्वेक्षणाच्या वेळचा संघर्ष धरून, जमिनीच्या दराभोवती आणि मोबदल्याभोवती फिरत आली आहे. ते साहजिक आहे. तरी पुनर्वसनाची जागा मान्य करण्यापूर्वी तिचे धावपट्टीच्या वाढवलेल्या मध्यरेषेपासूनचे अंतर लेखी मागा, असे मी त्या गावांतील कार्यकर्त्यांना आवर्जून सांगेन. जागा ठरण्याआधी या मागणीला काही खर्च नाही. ठरल्यानंतर तिला उत्तरच नाही.

आता तुमच्या घराकडे वळतो. निर्णय घेण्याआधी मोजा. मोबाईलमधील आवाज मोजण्याचे ॲप कायदेशीर पुराव्याला चालत नाही, परंतु तुलनेला पुरेसे असते. विमान जात नसताना आणि जाताना, गच्चीवर आणि पलंगाशेजारी, खिडकी उघडी आणि बंद, असे वेगवेगळ्या वेळी लिहून ठेवा. ढोबळ हिशेब असा: उघडी खिडकी आवाज 15 डेसिबलने तोडते, आपल्याकडची नेहमीची सरकती ॲल्युमिनियम खिडकी बंद केल्यावर 20 ते 25, आणि रबरी पट्टीसह घट्ट बसणारी, लॅमिनेटेड काचेची किंवा दोन काचांमध्ये भरपूर पोकळी ठेवलेली बिजागरीची खिडकी 30 ते 35. बाहेर 80 असेल तर झोपण्याच्या खोलीत अनुक्रमे 65, 55 ते 60 आणि 45 ते 50.

नवी खिडकी बसवण्याआधी एक उदबत्ती पेटवून पंखा बंद करा आणि ती बंद खिडकीच्या चौकटीभोवती सावकाश फिरवा. धूर जेथे थरथरतो किंवा आत ढकलला जातो, तेथून वारा येतो, आणि जेथून वारा येतो तेथून आवाजही येतो. सरकत्या खिडकीच्या खालच्या खाचेतील पाणी जाण्याची भोके, दोन झडपा एकमेकींवर येतात ती उभी फट, वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी पाडलेले भोक आणि स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंख्याची जाळी, या चार जागा बहुतेक घरांत दोषी निघतात. महागडी काच बसवून या फटी तशाच ठेवलेली घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. तेथे पैसे गेले आणि आवाज राहिला. दुसरी अडचण हवामानाची. थंड देशांत बंद खिडकी ही सवय आहे. कोकणच्या दमट हवेत खिडकी बंद म्हणजे वातानुकूलन चालू, आणि त्याचे वीजबिल दरमहा. म्हणून परदेशातील ध्वनिरोधक योजना येथे जशीच्या तशी आणण्याची मागणी करताना वायुवीजनाचा खर्चही मागितला पाहिजे. एका सदनिकेत सर्व खिडक्या बदलण्यापेक्षा विमानमार्गाच्या विरुद्ध बाजूची खोली झोपण्यासाठी घेणे आणि तेवढीच नीट बंद करणे हा उपाय स्वस्त पडतो.

घर विकावे का? तुमचे घर मध्यरेषेपासून एक किलोमीटरच्या आत असेल, घरात लहान मूल, आजारी किंवा पाळीत काम करून दिवसा झोपणारे माणूस असेल, तर रात्रीची वाहतूक वाढण्यापूर्वी बाजूच्या सेक्टरात सरकणे शहाणपणाचे आहे; फार दूर जाण्याची गरज नाही. या अटी लागू नसतील तर मी घाईने विकणार नाही. विमानतळामुळे भाव चढतात आणि आवाजामुळे उतरतात, आणि आपल्या बाजारात निदान सुरुवातीच्या वर्षांत पहिल्या गोष्टीचे वजन जास्त असते.

त्याच वेळी माहितीच्या अधिकारात दोन अर्ज करा; हा अधिकार नागरिकाला आहे, म्हणून ते सोसायटीच्या नव्हे, स्वतःच्या नावाने करा. एक सिडकोकडे: पर्यावरण आघात अहवालातील समध्वनी रेषांचा नकाशा, विमानतळाचे ध्वनिक्षेत्र आणि त्यात येणाऱ्या सेक्टरांची यादी. दुसरा महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे: विमानतळाभोवती आवाज मोजण्याची ठिकाणे आणि तेथील रात्रीच्या नोंदी. विकास आराखडा किंवा नगररचना योजना जाहीर झाली की हरकती-सूचनांची मुदत छोटी असते, आणि तेव्हा धावपळ करून उपयोग नाही. ही कागदपत्रे आधीच हाती असली तर हरकत सेक्टर आणि भूखंड क्रमांकासह लिहिता येते. ‘आवाजाचा त्रास होतो’ असे लिहिलेली हरकत सुनावणीत एका वाक्यात निकाली निघते. ‘अमुक भूखंडावरील प्राथमिक शाळेचे आरक्षण ध्वनिरेषेच्या आत येते, ते अमुक भूखंडावर हलवावे’ असे लिहिले तर अधिकाऱ्याला कारणासह उत्तर द्यावे लागते.

मेहुण्यांनी करंजाड्यातील घर दुपारी बिल्डरच्या माणसाबरोबर पाहू नये. रात्री दहानंतर एकदा आणि पहाटे एकदा तेथे जावे, खालच्या दुकानदाराशी किंवा रखवालदाराशी बोलावे, नकाशावर मध्यरेषेपासूनचे अंतर मोजावे आणि झोपण्याच्या खोलीची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते पाहावे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची मंजूर कागदपत्रे मिळतात, त्यांत भूखंडाचा अचूक क्रमांक आणि इमारतीची मंजूर उंची तपासावी. भूखंड साडेबावीस टक्क्यांतला असेल तर मूळ प्रकल्पग्रस्त, सिडको आणि बिल्डर यांच्यातील त्रिपक्षीय करार झाला आहे की नाही हे वकिलाकडून पाहून घ्यावे, कारण तो नसेल तर आवाजाचा प्रश्न पुढचा, आधी मालकीचाच उभा राहतो. आणि खिडक्या कोणत्या बसवणार हे बिल्डरकडून करारनाम्याच्या सुविधांच्या यादीत काचेची जाडी आणि चौकटीचा प्रकार यांसह लिहून घ्यावे. बांधकाम चालू असताना हा बदल थोडक्यात होतो, ताबा घेतल्यानंतर तोच कित्येक पटींनी महाग पडतो.